मागाच्या खोलीतला भाडेकरू

सोलापुरात मला राहायला जागा हवी होती, आणि तीही तीन दिवसांत. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेचा नियमच तसा होता. चौथ्या दिवशी सकाळी वळकटी रस्त्यावर. तिथला रखवालदार माणूस वाईट नव्हता. रोज संध्याकाळी मी दिसलो की तो विचारायचा, "गावली का न्हाय जागा?" मी मान हलवली की चुकचुकायचा. त्याच्या चुकचुकण्याने नियम मात्र तसूभर हलत नसे.

पहिलं महायुद्ध संपून आठ-दहा वर्षं झाली होती. मी मुंबईच्या एका तांत्रिक शाळेत विणकामाच्या वर्गात शिकत होतो. दोन वर्षं फळ्यासमोर बसून शिकायचं आणि नंतर आठ महिने एखाद्या गिरणीत उमेदवारी करायची, असा तिथला शिरस्ता होता. उमेदवारी म्हणजे काम पूर्ण वेळ आणि पगार शून्य. गिरणीच्या विणाई-मास्तरांनी शेवटी दाखल्यावर सही केली तर पदविका, नाही केली तर दोन वर्षं पाण्यात. शिष्यवृत्तीत मुंबईच्या बोर्डिंगात माझं कसंबसं भागत होतं. इथे माझ्यासारख्याला घेईल असं बोर्डिंग मला सापडलं नाही. माझं घर वेळापूरला. आम्ही गुरव, देवळाची पूजा आमच्याकडे. वडिलांनी जन्मभर देवाला पाणी घातलं आणि पदरात पडेल त्या धान्यावर आम्हा भावंडांना वाढवलं. त्यांच्याकडे पैसे मागितले असते तर त्यांनी कुठूनही आणून दिले असते. म्हणून तर मागायचे नव्हते.

काम चौथ्या दिवसापासून सुरू होणार होतं. पहिल्याच दिवशी नाव नोंदवायला गेलो तेव्हा मास्तरांनी मला दारात उभं करून सांगितलं, "भोंगा वाजायच्या आत आत यायचं. तीन वेळा उशीर झाला तर दाखला विसरा. मी दुसऱ्यांदा बोलत नाही." आणि ते खरोखरच दुसऱ्यांदा बोलले नाहीत. म्हणजे गावाबाहेर एखादी स्वस्त झोपडी बघून रोज चालत येण्याची सोयही बुडाली. जागा गिरणीजवळ हवी, आणि गिरणीजवळच्या जागेला तर सोन्याचा भाव.

तेव्हा गिरण्या जोरात होत्या. अक्कलकोटकडची, दुधनीकडची, निजामाच्या मुलखातली माणसं पोटासाठी सोलापुरात येऊन पडत होती, आणि ज्याच्याकडे चार भिंती आणि वर पत्रा होता तो घरमालक झाला होता. गोठ्यातली म्हैस विकून तिथे भाडेकरू ठेवलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्या भाडेकरूपेक्षा म्हैस सुखात असावी, कारण तिला निदान वैरण तरी मिळत होती.

पहिल्या दिवशी मी वाडे पालथे घातले. एका पेन्शनर गृहस्थांनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं, गाव विचारलं, जात विचारली, मग विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही."

"मग नाही जमायचं. घरात लेकीसुना आहेत. सडाफटिंग माणूस आम्ही ठेवत नाही." हे त्यांनी इतक्या गोडीने सांगितलं की मी त्यांचे आभार मानून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर गेल्यावर मला राग आला. पुढच्या वाड्यात लग्नाची अडचण नव्हती. तिथे विहिरीची होती. "देवाचं करणारी माणसं तुम्ही, चांगलंच आहे," असं म्हणून बाईंनी माझ्याकडे आणि विहिरीकडे आळीपाळीने पाहिलं. मला काय ते समजलं. गुरवाचा हात त्यांच्या विहिरीला नको होता.

दुसरा दिवस खाणावळी आणि चाळींत गेला. एका खाणावळवाल्याने पडवीतली हातभर रुंद जागा दाखवली आणि भाडं म्हणून माझी जवळजवळ सगळी शिष्यवृत्ती मागितली. "जेवायचं काय?" मी विचारलं. "जेवण येगळं की," तो म्हणाला. गिरणीच्या चाळीत एका खोलीत दोन कुटुंबं राहत होती, मध्ये लुगड्याचा पडदा. त्यातल्या एका माउलीने मला चुलीशेजारी जागा देऊ केली. पण ती जागा घेतली असती तर तिच्या पोरांनी झोपायचं कुठे? मी नको म्हटलं. मी मुळात चिडका माणूस. त्या दोन दिवसांत मी सोलापूर शहराला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की आता आठवून मला शहराची माफी मागावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पूर्वेकडच्या पेठांत शिरलो. तिकडे तेलुगू विणकरांची वस्ती, घरोघर हातमाग. एका गल्लीच्या तोंडाशीच मला थांबावं लागलं, कारण गल्लीत पाऊल टाकायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेच्या उंचीवर सूत ताणून ठेवलं होतं, हजारो धागे एकाला एक लागून, खाली बांबूच्या घोड्यांचा टेकू. दोन्ही बाजूंनी माणसं मोठाले कुंचे घेऊन त्यावर खळ फिरवत पुढे सरकत होती. ही पाजणी. उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ पाजल्याशिवाय तो मागावर टिकत नाही. हे सगळं मला फळ्यावरून पाठ होतं. प्रत्यक्षात मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

जोड्या समोरासमोर चालत होत्या. एका बाईच्या समोर मात्र कुणीच नव्हतं. पस्तिशीची, उंच, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला. ती आपल्या बाजूने कुंचा मारी, मग ताण्याखालून वाकून पलीकडे जाई, तिथे मारी, पुन्हा इकडे येई. ऊन वर यायच्या आत हे उरकलं नाही तर खळीच्या गाठी धरतात. तिने मला पाहिलं.

"ओ पावनं, निस्तं बगताय काय? धरा की कुंचा!"

मी चपला काढल्या आणि कुंचा धरला. माझा पहिलाच हात जोराचा बसला.

"अय्यो! भांडी घासताय व्हय? हळू. हिकडनं माजा हात, तिकडनं तुजा. सोबत चालायचं."

सोबत चाललो. दोन-तीन फेऱ्यांनंतर माझा हात बसला आणि ती बोलायची थांबली, त्यावरून काम बरं चाललंय हे मी ओळखलं. सूर्य घरांच्या वर आला तेव्हा पाजणी संपली होती. माझ्या सदऱ्यावर खळ, केसांत खळ, आणि जागा शोधायचा शेवटचा दिवस उगवलेला. तिने मला गूळ आणि पाणी दिलं आणि विचारलं, "ऱ्हातोस कुटं?" अहोजाहो खळीबरोबरच वाहून गेलं होतं.

मी सगळं सांगितलं. भोंगा, मास्तर, धर्मशाळा, विहीर, सगळं. ऐकताना ती हसली नाही आणि चुकचुकलीही नाही. तिने ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याशी तेलुगूत दोन वाक्यं बोलून घेतली. तो तिचा सासरा. सगळी गल्ली त्याला ताता म्हणे, म्हणजे आजोबा. डोळ्यांनी जवळजवळ गेलेला, पण रहाटावर सूत भरण्याचं काम बोटांच्या अदमासाने दिवसभर करणारा. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

"मागाच्या खोलीत पडायला जागा हाय," ती म्हणाली. "भाडं तुला जमंल ते दे. पन पाजनीला हात पायजे. ह्या गल्लीत पाजनीला मजुरी नसती. आज ह्याच्या ताण्याला आमी जायाचं, उद्या आमच्या ताण्याला त्यानं यायाचं. आमचा एक हात कमी हाय, म्हनून मी एकटी नाचत हुते बग."

त्या गल्लीत राहण्याचा हक्क हा असा होता. घर कुणाच्या नावावर आहे, माणूस कुठल्या जातीचा आहे, लग्न झालंय की नाही, याला तिथे दुय्यम महत्त्व. हात येतो की नाही, हे पहिलं. एका शेजाऱ्याने विधवेच्या घरात परका तरुण म्हणून भुवया उंचावल्या तेव्हा ताताने ओट्यावरूनच ओरडून त्याला काहीतरी ऐकवलं आणि प्रश्न मिटला. बाईने मला सगळ्यांसमोर "तम्मी" म्हणून हाक मारली. तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. मी तिला आक्का म्हणू लागलो. संध्याकाळी धर्मशाळेतून वळकटी आणि पत्र्याची पेटी उचलली तेव्हा रखवालदाराला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मागाची खोली लहानशी होती. मधोमध जमिनीत खड्डा. विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि खाली पावड्या दाबतो. माग जमिनीलगत पसरलेला. भिंतीच्या कडेला माझ्या पथारीपुरती जागा. एकच खिडकी, तिच्यावर गोणपाट. गोणपाट कायम ओलं, आणि जमीनही. आक्का सकाळी उठल्याबरोबर तांब्यातून जमिनीवर पाण्याचा शिडकावा करायची, दुपारी पुन्हा, आणि गोणपाट भिजवायची. चैत्राच्या तोंडाशी सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. बाहेर अंग भाजायचं आणि आत अंग चिकचिकायचं. माझी पथारी दमट, पुस्तकांचे पुठ्ठे फुगलेले, खळीचा आंबूस वास नाकात बसलेला. मी मनात म्हणायचो, बिचारी अडाणी माणसं, यांना हवेशीरपणाचं महत्त्व कुणी शिकवलंच नाही. मी आरोग्यशास्त्राचं पुस्तक वाचलेला माणूस होतो ना!

पण ती मागावर बसली की माझं तोंड बंद व्हायचं. आमच्या गिरणीत शेकडो माग कानठळ्या बसवत एकदम चालायचे आणि मी दिवसभर त्यांच्यामधून वही घेऊन हिंडायचो. ते पाहून मला कधी काही वाटलं नाही. आक्का बसायच्या आधी मागाला हात लावून तो हात कपाळाला लावायची. मग आडवा धागा नेणारा धोटा या हातातून त्या हातात जायचा, फणी ठोकली जायची, आणि ती तेवढ्यात सासऱ्याशी बोलायची, भाजीवालीशी घासाघीस करायची, मला गिरणीतल्या गोष्टी विचारायची. एक धागा तुटला तर तिला तो दिसायच्या आधी कळायचा. बोटं जायची, गाठ पडायची, धोटा पुढे. गिरणीत तुटलेला धागा शोधायला आमच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, चष्मा लावावा लागे. ही बाई सहीला अंगठा उठवायची, पण नऊवारी लुगड्याच्या काठात किती धागे, कुठला कुठून घालायचा, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. मी एकदा तिचा काठ कागदावर मांडायचा प्रयत्न केला. तीन संध्याकाळी घालवल्या आणि तरी दोन धागे चुकले. तिने कागद उलटा धरून पाहिला आणि हसून म्हणाली, "ह्ये इनून दावशील का?"

पाजणीला मी कधी चुकलो नाही. आठवड्यातून दोन-तीनदा झुंजूमुंजूला कुंचा घ्यायचा आणि तिथून थेट गिरणीच्या दारात. भोंग्याला मी एकदाही उशिरा गेलो नाही, कारण त्या गल्लीत झोपून राहणं शक्यच नव्हतं.

महिना-सव्वा महिना झाला असेल. आक्काच्या माहेरी लग्न निघालं. ती आणि ताता शुक्रवारी निघाली, रविवारी परतणार होती. मागावर लुगडं अर्धं विणून झालं होतं, आणि ते त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला द्यायचं होतं. जाताना तिने जमीन नेहमीपेक्षा भरपूर भिजवली, गोणपाट निथळतं केलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवून एवढंच म्हणाली, "खोली बंद ठेव, तम्मी."

मला वाटलं, चोरांची भीती. सबंध घर माझ्या भरवशावर टाकून ती गेली होती. महिन्यापूर्वी ज्याला या शहरात कुणी धड पडवीही दिली नाही, त्याच्या हातात किल्ली. मी भारावून गेलो. काहीतरी करून दाखवावं, या माणसांचे उपकार फेडावेत, असं मला फार वाटलं. शनिवारी गिरणी सुटल्यावर मी कंबर कसली. खिडकीवरचं गोणपाट काढून बाहेर वाळत टाकलं. खिडकी सताड उघडली. दारही उघडं ठेवलं, मी स्वतः घरात होतो, चोर येणार कुठून? ओली माती खरवडून काढली, शेण आणून जमीन सारवली, कोपऱ्यांतली जळमटं काढली. वारा असा सुटला होता की सारवण बघता बघता वाळलं. त्या दिवशी मी कोरड्या अंथरुणावर, वाऱ्याच्या झुळकेत झोपलो, आणि आक्का आल्यावर कशी चकित होईल याची चित्रं रंगवली. रविवारी सकाळीही वारा भणभणत होता. मी सगळं उघडंच ठेवलं.

मग मी मागाजवळ गेलो. आपण एवढं शिकलो, पण या खड्ड्यात कधी बसलो नाही, म्हणून जरा बसून पाहिलं. आक्काप्रमाणे मागाला हात लावून कपाळाला लावला. एक पावडी दाबली.

तडतड आवाज झाला. भट्टीत लाह्या फुटाव्यात तसे धागे तुटले. मी पाय उचलला आणि, काय बुद्धी झाली कोण जाणे, चुकून झालं असेल म्हणून पुन्हा दाबला. पुन्हा तडतड. मी ताण्यावर हात ठेवला. सूत हाताला काडीसारखं लागत होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गिरणीच्या विणाई खात्यात छतालगत नळ्या होत्या. त्यांतून दिवसभर पाण्याची वाफ सोडत. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, खळ पाजलेलं सूत तर जास्तच, म्हणून हवा दमट ठेवावी लागते. हे मी माझ्या वहीत माझ्या हस्ताक्षरात लिहिलं होतं, खाली रेघ मारून. मास्तरांनी त्यावर बरोबरची खूणही केली होती. ज्या ओलीला मी अडाणीपणा म्हणत होतो ती आक्का रोज दोनदा तांब्याने तयार करत होती. तिने मला ते सांगितलं नव्हतं, कारण विणकाम शिकणाऱ्या माणसाला हे सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नसेल.

मी गोणपाट पुन्हा भिजवून टांगलं, घागरभर पाणी ओतलं, खिडकी लावली. तुटलेले धागे मोजायचा धीर झाला नाही. मग वळकटी बांधली, पेटी भरली आणि ओट्यावर जाऊन बसलो. किल्ली तिच्या हातात द्यायची, पायावर डोकं ठेवायचं आणि निघायचं. कुठे जायचं? धर्मशाळेत पुन्हा घेतील की नाही ठाऊक नव्हतं. नाहीतर मास्तरांना सांगून वेळापूरची वाट धरायची. वडिलांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. रडू येत होतं आणि भर गल्लीत रडायची लाज वाटत होती.

दहाच्या सुमाराला ती दोघं आली. आक्काचा चेहरा उन्हाने रापला होता. तिने पेटी पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता सरळ आत गेली. मी दारात उभा राहिलो. मी बोलायला लागलो, "आक्का, मी खिडकी..." पण तिने ताण्यावर हात ठेवला होता. मग ती माझ्यावर तेलुगूत जे बरसली ते मला समजलं नाही हे फार बरं झालं. ताताने बाहेरून काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. मग खड्ड्याच्या काठावर बसून तिने तुटलेली टोकं बोटांनी चाचपली. तिने डोळे पुसले. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते मी आणलं होतं.

मी पेटी उचलली.

"पेटी कुटं चालली?" तिने मागे न बघता विचारलं.

"जातो आक्का. मला इथे राहायचं तोंड नाही."

"जा की. पन हात हितं ठिवून जा." ती वळली. "तीनशे धागं कोन सांधनार? तुजं तोंड? तोंडाचं मला काय काम हाय?"

मी पेटी खाली ठेवली.

तिने आधी काहीही करू दिलं नाही. पुन्हा पाणी मारलं, दार लोटलं आणि सूत ओल पिऊन मऊ व्हावं म्हणून दुपारपर्यंत थांबायला लावलं. तेवढ्यात ती गल्लीत जाऊन आली. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. पण दुपार कलली आणि एकेका घरातला माग थांबू लागला. गल्लीभरची खटखट कमी कमी होत गेली. प्रत्येक घरातून एकेक माणूस आलं. कुणाची सून, कुणाचा बाप. त्यांच्यातही कुणाकुणाचं कापड त्याच आठवड्यात द्यायचं होतं, हे मला ठाऊक होतं. भुवया उंचावणारा तो शेजारी सगळ्यांत आधी येऊन बसला.

"कसं काय झालं ह्ये?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. आक्का माझ्या आधी बोलली. "वारं लागलं."

बस, एवढंच. त्याने खिडकीकडे पाहिलं, नव्याने सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं असणार. सगळ्यांच्याच आलं असणार, माझा चेहराच तसा होता. पण तिने वारं म्हटलं होतं, म्हणून मग ते वारंच. कुणी पुढे एक शब्द काढला नाही. त्या माणसांबद्दल मला जो आदर वाटतो त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण मला विचाराल तर त्या एका न विचारलेल्या प्रश्नाला मी सगळ्यांत वर ठेवीन.

आम्ही मागाच्या दोन्ही बाजूंनी दाटीवाटीने बसलो. त्यांची बोटं चालायची तशी माझी चालत नव्हती. गिरणीतली गाठ मला येत होती, पण ती इथल्या सुताला जाड पडायची, फणीत अडकायची. शेजाऱ्याने माझा हात धरून त्यांची गाठ दाखवली. दोनदा, तीनदा, कंटाळा न करता. ताता मध्येच येऊन ताण्यावरून बोटं फिरवायचा आणि एखाद्या गाठीवर थांबून म्हणायचा, "ही कुनाची?" ती माझीच असायची. आक्का ती कापून पुन्हा माझ्याचकडे द्यायची. अशा माझ्या किती गाठी कापल्या गेल्या ते मी सांगणार नाही. हसणं मात्र पुष्कळ झालं, आणि मीही हसलो, दिवसभरात पहिल्यांदा. मग हळूहळू ताताची बोटं न थांबता पुढे जाऊ लागली.

दिवेलागणीला शेवटचा धागा सांधला गेला. माणसं उठली, हात झटकून आपापल्या घरी गेली. कुणी आभार मानले नाहीत, कुणी तशी अपेक्षाही केली नाही. गल्लीत पुन्हा एकेक माग खटखटायला लागला. बुडालेला वेळ ती माणसं दिव्याच्या उजेडात भरून काढत होती. मी ओट्यावर आलो. पेटी आणि वळकटी तिथेच होती. आत न्यावी की न न्यावी, मला कळेना. जा असं तिने म्हटलं होतं. राहा असं अजून म्हटलं नव्हतं. विचारायचा धीर मला होईना.

आक्का बाहेर आली. तिने रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

"उद्यापासनं पानी तू मारायचं," ती म्हणाली. "सकाळी तुज्याकडं, दुपारी मी हाय. माजा माग, म्हनून मला भ्या वाटतंय. पन तुज्याएवडं आता कुनाच्या ध्यानात ऱ्हानार न्हाय."

मी तांब्या घेऊन तिथेच उभा राहिलो आणि हमसून हमसून रडलो. ती पेटी उचलून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठलो. गोणपाट भिजवलं, पिळलं, टांगलं. जमिनीवर भिंतीपासून खड्ड्यापर्यंत पाणी मारलं, चिखल होऊ न देता, कुठे कोरडं न सोडता. आक्का आली, खड्ड्यात पाय सोडून बसली. तिने मागाला हात लावून कपाळाला लावला, मग ताण्यावर पालथा पंजा ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने पावडी दाबली. एकही धागा तुटला नाही.

"जा आता," ती म्हणाली, "भोंगा व्हईल. अन् येताना खोबरं आन, घरात संपलंय."